कोणीही ‘थांब’ म्हणावं

नोकरीत नवा माणूस घेताना त्याच्यात काय पाहावं, हे मला कोणी विचारत नाही, आणि बरोबरच आहे. पहिल्याच नोकरीतून ज्याला भर डेपोत, शेठजींच्या डोळ्यांदेखत हाकलून दिलं, त्याला कोण विचारणार? पण न विचारता तोंड उघडायची माझी खोड जुनी आहे. त्या खोडीपायी ती नोकरी गेली. आता जायला काही उरलेलं नाही, म्हणून बिनधास्त सांगतो.

आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात मोडायचा. आमचं गाव मूल या गावाच्या बाजूचं, तलावाचं. तलाव ऐसपैस आणि गाव त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, कसंबसं चिकटून बसलेलं. पाळीच्या खालच्या अंगाला आमची ढिवरांची, म्हणजे मासेमारांची घरं. मालगुजारी होती तोवर मालगुजाराच्या घरी माशांतला त्याचा हिस्सा पोचवला, की बाकीचा तलाव आमचा. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि मासेमारीचा लिलाव कुठल्याशा बाहेरच्या माणसाने घेतला. त्याने आपली माणसं आणली, आपली जाळी आणली. आमचं मोठं जाळं भिंतीला टांगलेलं राहिलं आणि त्यात कोळी राहायला आले.

बाप मी लहान असतानाच तापाने गेला होता. मला वाढवलं काकाने. काका म्हणजे गावच्या मोठ्या जाळ्याचा म्होरक्या. पाण्यात उतरला की त्याचा शब्द म्हणजे कायदा. लिलाव झाल्यापासून तो तलावाकडे पाठ करून बसायला लागला. पाळीखाली राहून तलावाकडे पाठ करणं सोपं नाही, मान सारखी वळते. एके दिवशी तसाच पाठ करून तो मला म्हणाला, “तू सातवी शिकला ना बे?”

“हव.”

“मंग जाय अन् नौकरी धर. आता घरात तांदूळ येईन तर तुह्याच हातानं येईन.”

बल्लारपूरला रेल्वेच्या सायडिंगला लागून एका ठेकेदाराचा लाकूड-डेपो होता. आलापल्लीकडचे सागवानाचे ओंडके तिथे यायचे, थप्प्या लागायच्या आणि मालगाडीच्या उघड्या डब्यांत भरून पुढे जायचे. ओंडके दोराने वर ओढायचं काम करायला आमच्याच भागातले लोक ठेवले होते. जन्मभर ओल्या जाळ्याचे दोर ओढलेल्या हातांना कोरडा दोर म्हणजे खेळ. त्यांच्याकडूनच कळलं, की तिथे एक लिहिता-वाचता येणारा हाजिरीबाबू पाहिजे आहे, पण मॅनेजर आधी काही दिवस कामावर ठेवून पारख करतो, आणि त्याच्या पारखीला अजून कोणी उतरलेलं नाही.

आमच्या शाळेच्या गुरुजींनी माझी तयारी करून घेतली. गुरुजी भंडाऱ्याकडचे, बदलीच्या धाकात सारं आयुष्य काढलेले. त्यांनी मला अंगणात उभं करून शिकवलं, “मालकाला काय पाहिजे असते? मालकाला हुशार माणूस नाही पाहिजे बापू. हुशार तो स्वतःच असते. त्याला पाहिजे ‘हव जी’ म्हणणारा. चालायचं नाही, धावायचं. बसायचं नाही, बसल्यासारखं दिसायचंही नाही. आणि काहीही विचारलं तरी पहिले ‘हव जी’. समजलं?”

मी म्हणालो, “हव जी.”

“शाब्बास. आता तुला कोण काढते पाहू.”

छोट्या रेल्वेने चांद्यापर्यंत आणि पुढे मोठ्या गाडीने मी बल्लारपूरला उतरलो तेव्हा अंगात काकाने बाजारातून आणलेला नवा सदरा होता, डोक्यात गुरुजींचं सगळं ज्ञान होतं आणि तोंडात एकच शब्द.

मॅनेजर जबलपूरच्या अंगाचे. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, काखेत छडी. मला समोर उभं करून त्यांनी डावा पंजा उघडला आणि उजव्या हाताने एकेक बोट मिटायला लागले. “देखो, नये आदमी में मैं पाँच गुण देखता हूँ. एक, चुस्ती. दो, वफादारी. तीन, ज़बान पर काबू. चार…” आणि तेवढ्यात थप्पीच्या सावलीत कोणी तरी टेकलेलं त्यांना दिसलं. चौथं बोट त्याच्याकडे वळलं. “अरे ओ! बारात में आया है क्या?” ते छडी हलवत तिकडे गेले. चौथा आणि पाचवा गुण तसेच राहिले.

मी तिथे असेपर्यंत त्यांनी हे भाषण किती तरी वेळा केलं. दर वेळी चौथ्या बोटाशी आले, की कोणी ना कोणी चुकताना दिसायचंच. चौथा गुण कोणता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तोच माझ्यात कमी असावा.

पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, “साइकिल आती है?”

मी म्हणालो, “हव जी.”

सायकल मी त्याआधी पाहिली होती. पोस्टमन आणायचा. पाहिली होती एवढंच आमचं नातं. पण गुरुजींनी सांगितलं होतं, पहिले ‘हव जी’. नंतर काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरनी सायकल माझ्या हाती दिली आणि जंगलनाक्यावर निरोप द्यायला पिटाळलं: गाड्या आल्या तर दुपारच्या आत सोडा. मी ऐटीत सायकल धरून फाटकाबाहेर आलो. वळणापलीकडे डेपो दिसेनासा झाल्यावर चप्पल काढून हँडलला अडकवली आणि सायकल हाताने धरून पळत सुटलो. ती सायकल माझ्याबरोबर पळत होती की मी तिच्याबरोबर, सांगता येत नाही. नाक्यावर निरोप दिला आणि तसाच परत निघालो. येताना एका उताराने माझी मती फिरवली. म्हटलं, उतारावर तर कोणालाही जमत असेल. टांग टाकली. सायकलने मला उतारभर नेलं, बिचारीने नेण्यात कसूर केली नाही, पण खाली म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता आणि थांबायचं कसं हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी एका म्हशीच्या पोटावर आपटून शेताच्या धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, धानाच्या चिखलात गेलो. म्हशीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

डेपोत शिरलो तो चिखलाने माखलेला, हँडल वाकडं, धापा टाकत. मॅनेजरनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. “इतनी जल्दी?”

“हव जी.”

“गिरा क्या?”

“हव जी.”

“और फिर भी दौड़ा आया?”

“हव जी.”

त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “इसको देखो! इसको कहते हैं चुस्ती!” दोर ओढणाऱ्या आमच्या भागातल्या एका भाऊने माझ्या वाकड्या हँडलकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. पायांच्या चिखलावर रस्त्याची लाल धूळ घोट्यापर्यंत बसली होती. सायकलवर बसलेल्याच्या पायाला एवढी धूळ लागत नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो एवढंच म्हणाला, “बापू, सायकलीले फिराले नेलं होतं का?” सगळी टोळी दोर सोडून हसायला लागली. मॅनेजरना वाटलं, माझ्या कौतुकाने हसताहेत.

त्या भाऊच्या पोटरीला जखम होती. तिच्यावर तो पोत्याची पट्टी गुंडाळायचा आणि वरून सुतळीचे वेढे. म्हणून मी त्याला मनातल्या मनात पट्टीवाले भाऊ म्हणायचो. ते आमच्या गावापासून दोन तलाव पलीकडचे. आमच्याकडे अंतर असंच सांगतात.

त्या दिवसापासून मी मॅनेजरचा लाडका झालो. मी धावायचो. कामाला धावायचो, काम नसलं तर नसलेल्या कामाला धावायचो. दोन थप्प्यांच्या मधून धावत गेलो, की मागून धावत यायचो, म्हणजे दुहेरी चुस्ती. रजिस्टरवर हाजिरी मांडताना उभ्याने मांडायचो. मुकादम हा तोंडाने तिखट पण मनाने भला माणूस होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काऊन रे, तुह्या मागं वाघ लागला काय? जरा बस ना बे. तुह्याकडे पाहून आमाले दम लागते.”

मी म्हणालो, “हव जी,” आणि धावत निघून गेलो.

एका संध्याकाळी मॅनेजरनी सांगून टाकलं. रविवारी ठेकेदार शेठजी नागपूरहून येतील, लोडिंग बघतील, आणि त्यांच्यासमोर माझं नाव पक्कं होईल. हाजिरीबाबू. राहायला डेपोतच खोली, आणि घरी धाडायला तांदळाचं पोतं. मी गावी निरोप पाठवला. ऐकलं, की काकाने तो निरोप सगळ्या मोहल्ल्याला ऐकवला आणि त्या दिवशी प्रथमच तलावाकडे तोंड करून बसला.

आता थोडं जाळ्याचं सांगतो. त्याशिवाय रविवारचं कळणार नाही.

आमचं मोठं जाळं ओढताना दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. अर्धे कमरेभर पाण्यात, अर्धे काठावर. पाण्यात पाय दिसत नाहीत, दोराला तेवढंच पाहिजे असतं. एखादा वेढा कोणाच्या पायाला बसला आणि काठावरचे जोरात ओढत राहिले, तर माणूस जाळ्याबरोबर तळाशी जातो. माझ्या जन्माआधी एक जण असा गेला होता. म्हणून आमच्याकडे रीत आहे: जाळ्यावर कोणीही ‘थांब’ म्हणावं. म्होरक्याच पाहिजे असं नाही. काठावर धुणं धुणारी बाई असो, शेंबडं पोर असो. ‘थांब’ ऐकलं, की जो तो जिथे आहे तिथे थांबतो. ओढायचं नाही, सोडायचंही नाही, नुसतं धरून राहायचं. कारण मागून विचारायचं. आणि कारण फालतू निघालं तर ओरडणाऱ्याला हसायची मुभा आहे, रागवायची नाही. रागावलं, की पुढच्या वेळी कोणी ओरडणार नाही.

मी पाच-सहा वर्षांचा असताना पाण्यातून वर आलेल्या पाणकोंबडीला माणसाचं डोकं समजून ओरडलो होतो. सारं जाळं थांबलं. तेवढ्यात मोठाले मरळ खालून निसटले. त्या वर्षभर बायका मला बघून कोंबडीसारख्या आवाज काढायच्या. पण काका एका शब्दाने रागावला नाही. उलट रात्री माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं.

रविवार आला. शेठजी आले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, खुर्ची टाकून सायडिंगपाशी बसले. ऊन होतं म्हणून मुकादम त्यांच्यावर छत्री धरून उभा राहिला. मॅनेजर शेजारी, छडी काखेत. मी दोघांच्या मागे रजिस्टर घेऊन, बसल्यासारखं न दिसता.

लोडिंग असं चालायचं. डब्याला तिरप्या दोन बल्ल्या, म्हणजे लांब वासे, टेकवायच्या, ओंडक्याच्या खालून दोन दोर घ्यायचे, त्यांची टोकं डब्यावरच्या माणसांच्या हाती, आणि ‘हैश्या’ म्हणत ओढलं, की ओंडका बल्ल्यांवरून लोळत लोळत वर चढतो. खाली दोघे-तिघे सब्बल, म्हणजे पहार, लावून आधार देतात. पट्टीवाले भाऊ त्या दिवशी खाली होते.

ओंडका जाडजूड होता. दोन हैश्यांत अर्धी बल्ली चढला. तिसऱ्या हैश्याला मी सहज खाली पाहिलं, आणि पट्टीवाले भाऊंच्या पायाला दोर दिसला. पोटरीभोवती वेढा. ताणलेला दोर त्यांच्या पायाजवळून वर गेलेला.

त्यानंतर मी काही ठरवून केलं नाही. गुरुजी, चुस्ती, खोली, तांदळाचं पोतं, काही आठवलं नाही. तलावावर ओरडतात तसं पोटातून ओरडलो, “थांऽऽब!”

आणि सगळे थांबले.

डब्यावरचे थांबले, खालचे थांबले. ओंडका बल्लीच्या मधोमध, ना वर ना खाली. दोर ताठ. कोणी मान वळवली नाही, कोणी ‘काय झालं’ म्हटलं नाही. दोन तलाव पलीकडची, चार तलाव पलीकडची ती माणसं, जिथल्या तिथे धरून राहिली. शेठजींचा चहाचा कपसुद्धा ओठांजवळ थांबला होता.

मी धावत गेलो. वाकून पाहिलं. पायाभोवती दोर नव्हता. ती त्यांच्या जखमेवरची सुतळी होती. दोर चांगला हातभर लांबून गेला होता.

पट्टीवाले भाऊ सब्बल न हलवता खालच्या आवाजात म्हणाले, “काय दिसलं बापू?”

“सुतळी,” मी म्हणालो.

“बरं. मंग ओढू का आता?”

“हव. ओढा.”

हैश्या झालं, ओंडका डब्यात पडला. डब्यावरून कोणी तरी कोंबडीसारखा आवाज काढला. माझी कीर्ती इथवर पोचली होती. टोळी खदखदली. मीही हसलो. आमच्या रीतीप्रमाणे गोष्ट इथे संपली होती.

मॅनेजरच्या रीतीप्रमाणे तिथून सुरू झाली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “किसने कहा तुमको चिल्लाने को?”

“जी, दोर…”

“दोर था?”

“नाई जी. सुतळी.”

“मतलब कुछ नहीं था!” मग ते टोळीकडे वळले. “और तुम लोग? कल का छोकरा बोलता है और तुम रुक जाते हो? ये डिपो किसके हुकुम से चलता है?”

टोळीने जमिनीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की मॅनेजरचा राग ओंडका थांबल्याचा नव्हता. ओंडका तर चढलाही होता. राग होता तो माणसं माझ्या शब्दाने थांबली याचा. हैश्या म्हणायला कोणाचा हुकूम लागत नव्हता. थांबायला लागत होता.

शेठजींना घाई होती. ते मॅनेजरना म्हणाले, लडका ठीक आहे, कान पकडवा आणि काम पुढे चालवा. मॅनेजरनी छडीने जमिनीवर जागा दाखवली. “यहाँ खड़े हो. सबके सामने कान पकड़ो. बोलो, गलती हुई, आगे से मुँह नहीं खोलूँगा. बोलो, और कल से नौकरी पक्की.”

एवढंच. कान माझेच, हात माझेच. छत्री धरलेला मुकादम दातांतल्या दातांत म्हणाला, “म्हन ना बे. तोंडानंच त म्हनाचं आहे.”

खरं सांगतो, माझं तोंड ‘हव जी’ म्हणायला उघडलं होतं. एवढे दिवस तेच म्हणून म्हणून जिभेला वळण पडलं होतं. हातही कानापर्यंत गेला. तिकडे डब्याला पुढचा ओंडका लावायला घेतला होता. पट्टीवाले भाऊ पुन्हा सब्बल घेऊन खाली उभे राहत होते. पण ते माझ्याकडे बघत होते. डब्यावरचे बघत होते. कोणी हसत नव्हतं. हसायची मुभा असताना ढिवर हसत नाही, म्हणजे मामला वेगळा असतो.

मी विचारलं, “साहेब, उद्या खरंच कोणाच्या पायात दोर दिसला तर?”

“वो मुकादम देखेगा.”

मी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाची पाठ डब्याकडे होती आणि दोन्ही हात छत्रीला.

मी हात खाली घेतला. म्हणालो, “नाई जी.”

मॅनेजरना ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण माझ्या तोंडून तो शब्द येतो हे त्यांना पटलं नाही. “क्या?”

“नाई म्हणणार जी. सुतळी दिसली त मीच आंधळा, हसा मले. पण दोर दिसला त ओरडीन. सुतळी अन् दोरातला फरक नाई समजला तरी ओरडीन.”

“निकल जाओ.”

“हव जी,” मी म्हणालो. हे मात्र अगदी मनापासून. रजिस्टर त्यांच्या हाती दिलं, आणि मला राहवलं नाही. “साहेब, तो चौथा गुण कोनता होता? सांगून द्या, पुढं कामी येईन.”

छडी उगारलेली दिसली. मी धावलो. डेपोतलं माझं ते शेवटचं धावणं, आणि चुस्ती म्हणाल तर त्या दिवसाइतकी आधी कधीच नव्हती.

घरी आल्यावर काकाला सगळं सांगितलं. नोकरी गेली एवढंच काकाने ऐकलं. मग उठला आणि पुन्हा तलावाकडे पाठ करून बसला. माझ्याशी बोलणं बंद. बोलायचं असलं की काकूमार्फत. “त्याले सांग, भात गरम आहे.” मी समोर बसलेलो असायचो. मी काकूला म्हणायचो, “त्याले सांग, मी पाहून राह्यलो.” गुरुजी रस्त्यात भेटले, की मान हलवून जायचे. मी त्यांचा नापास झालेला विद्यार्थी होतो.

खाण्यापुरतं मिळावं म्हणून गावाबाहेरच्या एका बोडीत, म्हणजे लिलावात न गेलेल्या डबक्यात, मी आणि काका झिंगे धरायचो आणि बाजाराच्या दिवशी विकायला बसायचो. एकाच टोपलीच्या दोन बाजूंना, न बोलता. गिऱ्हाईक आलं, की दोघे गिऱ्हाइकाशी बोलायचो.

अशाच एका बाजाराला पट्टीवाले भाऊ लंगडत आले. टोपलीपुढे उकिडवे बसले, एक झिंगा उचलून नाकाशी नेला आणि म्हणाले, “बापू, डेपोतलं ऐकलं का?”

“काय जी?”

“तू गेल्यावर साहेबानं नियम केला. मुकादम सोडून कोनी ‘थांब’ म्हनलं त त्याचा दिवस खाडा. सकाळी सकाळी साऱ्यांले उभं करून सांगितलं. बोटं मिटून मिटून.”

“चौथं बोट?”

“तिथं त थांबलाच तो. तेवढ्यात मी शिंकलो.” भाऊंनी झिंगा परत टोपलीत टाकला. “मंग परवा वरचा ओंडका चढून राह्यला होता, अन् कोनी तरी ओरडलं, थांब. थांबले सारे.”

“दोर होता?”

“होता न. पायाले नाई, सब्बलीले अटकला होता. सोडवला, ओढला, झालं. पण साहेब आला धावत. किसने चिल्लाया? कोनी बोलेना. पुन्हा म्हने, किसने चिल्लाया, बोलो! त डब्यावरचा म्हनला, हव जी. बाजूचा म्हनला, हव जी. खालून मी म्हनलो, हव जी. सारी टोळी, हव जी, हव जी, हव जी. साहेब म्हने, मैं पूछता हूँ कौन! आमी म्हनलो, हव जी!”

मी हसता हसता टोपलीवर पालथा पडलो. झिंगे मातीत. डोळ्यांतलं पाणी पुसून वर पाहतो, तर टोपलीच्या पलीकडे काका. त्याचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे. मग आवाजही आला. इतक्या दिवसांनी तो थेट माझ्याकडे बघून बोलला, “म्हंजे त्या दिवशी तू ओरडला तवा सारे थांबले होते का?”

“हव. सारे.”

“कोनी दोर सोडला नाई?”

“नाई.”

“पह्यले काऊन नाई सांगितलं मंग बे!”

“सांगितलं होतं. तू पाठ करून बसला होता.” एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? म्हणालो, “अन् काका, तू रीत मोडली. ओरडणाऱ्याले हसाची मुभा आहे, रागवाची नाई.”

काकाने मूठभर झिंगे माझ्या तोंडावर फेकले. मग पट्टीवाले भाऊंच्या दुपट्ट्यात ओंजळी भरभरून टाकायला लागला. भाऊ म्हणत होते, “बस जी, बस,” आणि तो टाकत होता. त्या दिवशी आम्ही रिकामी टोपली घेऊन, जवळजवळ काही न विकता घरी आलो, आणि काकू आम्हा दोघांशीही बोलली नाही.

निघताना भाऊंनी सांगितलं होतं, की हाजिरीबाबूची जागा अजून रिकामी आहे. “साहेब म्हनते, चांगला मानूस भेटत नाई.”

“मले घेईन का?”

“तुले? नाई घेत.”

“मंग बरोबर.”

पुढे मला बांबूच्या कूपात, म्हणजे जंगलातल्या तोडीवर, काम लागलं. तिथल्या बाबूने पहिलाच प्रश्न केला, सायकल येते का? मी म्हणालो, नाही जी, पण तिला घेऊन पळता येतं. घेतलं त्याने. त्यानंतर आयुष्यभर मी बऱ्याच ठिकाणी कामं केली, काही ठिकाणी माझ्या हाताखालीही माणसं आली. त्यातल्या कोणाला मी गुण विचारले नाहीत. फक्त पहिल्या दिवशी सांगून टाकायचो, की इथे कोणीही ‘थांब’ म्हणावं. काही वेळा उगीच थांबावं लागलं. एकदा तर एका पोराने सापसुरळीला धामण समजून अख्खी बांबूची गाडी थांबवली. पोटभर हसलो त्याला.

वरच्यांनी मला अनेकदा समजावलं, की अशाने शिस्त राहत नाही. मी त्यांचं नीट ऐकून घ्यायचो, मान हलवायचो, आणि म्हणायचो, हव जी.